दूरस्थ डिस्क आणि दुव्यांची मोळी

संगणकाची डिस्क त्याच्या पेटीतच बसविलेली असते, अशी सर्वसामान्य समजूत आहे. घरातील किंवा शाळेतील संगणकापुरती ती बहुधा खरीही असते. परंतु एखाद्या विद्यापीठाच्या परीक्षा-विभागात, मोठ्या रुग्णालयात किंवा जिल्हा कचेरीच्या संगणककक्षात डोकावले, तर निराळे दृश्य दिसते. गणनेचे काम करणारे सर्व्हर एका कपाटात, डिस्कांचा साठा दुसऱ्या कपाटात, आणि या दोहोंच्या मध्ये स्विच नावाची चपटी पेटी. तिच्या तोंडावर ओळीने हिरवे दिवे लुकलुकत असतात. निकालपत्रकातील एक आकडा वाचायचा असला, तरी सर्व्हरला या पेटीतून पलीकडे जाऊन यावे लागते.

डिस्कशी बोलण्याची ‘स्कझी’ नावाची भाषा १९८६ साली प्रमाणित झाली, तेव्हा ती काही मीटर लांबीच्या जाड केबलपुरतीच होती. हीच भाषा टीसीपी या वाहतूक-पद्धतीच्या पाकिटात घालून इथरनेटच्या जाळ्यावरून पाठविण्याचे प्रमाण एप्रिल २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यास ‘आयस्कझी’ म्हणतात. २०१४ साली त्याची सुधारून एकत्र केलेली आवृत्ती निघाली. योजना मोठी चतुर आहे. डिस्क दहा मीटरांवर असो वा शेजारच्या इमारतीत असो, सर्व्हरला ती आपल्याच पोटात आहे असे वाटते. परंतु पोटातल्या डिस्ककडून ज्या तत्परतेची अपेक्षा असते, तीच अपेक्षा सर्व्हर मग तारेपलीकडच्या डिस्ककडूनही करू लागतो, आणि बहुतेक अनर्थांचे मूळ तेथे आहे.

जाळ्यावरचे एखादे पृष्ठ पाच सेकंद उशिरा उघडले तर मनुष्य कुरकुरतो आणि विसरतो. डिस्कचे तसे नाही. लिनक्स प्रणालीत डिस्कला दिलेल्या एका आज्ञेच्या उत्तरासाठी थांबण्याची मुदत मुळात ३० सेकंद ठेवलेली असते. ती उलटली की चूक सावरण्याची धावपळ सुरू होते. तीही फसली, तर अनेक ठिकाणी फाइलप्रणाली लिहिणेच बंद करते आणि केवळ वाचनापुरती उरते. त्या क्षणी एखाद्या रुग्णाचा अहवाल नोंदला जात असेल, तर तो अर्धवट राहतो. जाळ्यातील क्षुल्लक खंड येथे दप्तर बुडण्यापर्यंत जाऊ शकतो. म्हणून हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांच्या कुतूहलाचा समजू नये.

आता मधल्या पेटीकडे वळू. इथरनेटचा जन्म १९७३ साली कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, रॉबर्ट मेटकाफ यांच्या कल्पनेतून झाला. आरंभी एकाच तारेवर सर्वांनी आळीपाळीने बोलावे, अशी ती व्यवस्था होती. प्रत्येकाला स्वतंत्र वाट करून देणारा अनेक मुखांचा इथरनेट स्विच १९९० च्या सुमारास ज्या कंपनीने बाजारात आणला, तिचे नाव ‘कल्पना’ असे होते. विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे उद्योजक तिचे एक संस्थापक, आणि त्यांच्या पत्नीचे नाव कंपनीस दिलेले. दोन-चार तारा एकत्र बांधून त्यांस एकच रुंद वाट मानण्याची युक्तीही याच कंपनीची. १९९४ साली सिस्को कंपनीने ‘कल्पना’ विकत घेतली. पुढे २००० साली या युक्तीचे सर्वमान्य प्रमाण ठरले आणि तिचे ‘लिंक अ‍ॅग्रिगेशन’ हे नाव रूढ झाले. मराठीत तिला दुव्यांची मोळी म्हणण्यास हरकत नसावी.

मोळी म्हटले की म्हाताऱ्याची आणि त्याच्या भांडखोर मुलांची गोष्ट कोणासही आठवेल. एकेक काठी मोडते, मोळी मोडत नाही. स्विच विकणारे आणि विकत घेणारे हीच गोष्ट मनात धरतात, आणि येथेच पहिली फसगत होते. गोष्टीतल्या मोळीवर येणारा भार सर्व काठ्या वाटून घेतात. इथरनेटच्या मोळीत मात्र कोणताही एक संवाद फक्त एकाच काठीवर टांगलेला असतो. दुसरी काठी शेजारी रिकामी असली, तरी त्या संवादाला तिचा उपयोग नाही.

असे का, हे समजून घेणे अवघड नाही. डिस्ककडे जाणारी माहिती लहान लहान तुकड्यांत, म्हणजे फ्रेममध्ये, विभागलेली असते. एकाच संवादाच्या फ्रेम दोन तारांवरून आळीपाळीने सोडल्या तर त्या मागेपुढे पोहोचतील, आणि क्रम बिघडला की टीसीपी एखादा तुकडा हरवल्याचा तर्क करून आपला वेग आवरते. म्हणून प्रमाणानेच असे बंधन घातले आहे की एका संवादातील फ्रेमचा क्रम बदलता कामा नये. ते पाळण्याची सोपी रीत म्हणजे पाठविणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या पत्त्यांवरून एक हिशेब करावयाचा आणि त्याच्या उत्तरावरून तार निवडावयाची. पत्ते तेच, म्हणून उत्तर तेच, म्हणून तारही तीच.

या हिशेबाचा एक नमुना पाहावा. पुष्कळ उपकरणांत दोन्ही पत्त्यांतील द्विमान अंक एकमेकांशी ताडून, जेथे ते भिन्न असतील तेथे १ व समान असतील तेथे ० असे मांडतात आणि येणाऱ्या संख्येला तारांच्या संख्येने भागून बाकी घेतात. तारा दोन असतील तर फक्त शेवटचा अंक उरतो. म्हणजेच पत्ते सम आहेत की विषम, एवढाच प्रश्न उरतो. समजा, चार सर्व्हरांच्या पत्त्यांचे शेवटचे आकडे ११, १३, १५ व १७ आहेत आणि डिस्क-साठ्याचा २० आहे. विषम आणि सम यांची गाठ चारही वेळा पडते, उत्तर चारही वेळा १ येते, आणि चारही सर्व्हर एकाच तारेवर गर्दी करतात. दुसरी तार दिवसभर थंड असते. कोणी वैतागून दोनाच्या चार तारा केल्या, तर शेवटचे दोन अंक हिशेबात येतात. वाचकाने कागदावर मांडून पाहावे: उत्तरे ३, १, ३, १ अशी येतात, म्हणजे चारांपैकी दोन तारा तशाच रिकाम्या. या खरेदीवर झालेला खर्च कोणत्या खात्यावर टाकावा, हे हिशेबतपासनिसालाच विचारलेले बरे!

सर्वच स्विच इतका भाबडा हिशेब करतात असे नाही. काही उपकरणे पत्त्यांबरोबर संवादाचे पोर्ट-क्रमांकही मिसळतात, त्यामुळे वाटणी अधिक सरस होते. परंतु एका संवादाला एकच तार, हा नियम तेथेही सुटत नाही. एक गिगाबिटची तार सेकंदाला १२ कोटी ५० लाख बाइट वाहते. फ्रेमची वेष्टने वजा जाता त्यांतून सुमारे ११ कोटी ८० लाख बाइट खरी माहिती जाते. दोन तारांची मोळी बांधूनही एका सर्व्हरची एक मोठी प्रत ११ कोटी ८० लाखांवरच अडत असेल, तर तेथे काही बिघडलेले नाही. ते साधे अंकगणित आहे. अशा ‘बिघाडा’च्या शोधात रात्री जागवून यंत्रे बदलली जातात, ही गोष्ट खेदाची आहे.

आणखी एक बाब ध्यानी ठेवली पाहिजे. तारेची निवड नेहमी पाठविणारा करतो, घेणारा नव्हे. सर्व्हरकडून स्विचकडे जाताना सर्व्हर निवडतो. स्विचकडून साठ्याकडे जाताना स्विच निवडतो. आणि परतीच्या वाटेवर साठा व स्विच आपापल्या हिशेबाने पुन्हा नव्याने निवडतात. त्यामुळे जाण्याची तार एक आणि येण्याची दुसरी, असे सर्रास घडते. यातूनच एक उपयुक्त खूण हाती लागते. लिहिणे सुरळीत आणि वाचणे मात्र रखडलेले, असे दिसले तर साठ्याकडून सर्व्हरकडे येणारी वाट तपासावी. उलट असेल तर जाणारी. एवढ्याने शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

खरा बिघाड असतो तेव्हा मोळी तो झाकते. दोन तारांपैकी एकीचे टोक सैल आहे, तिच्यातून जाणाऱ्या काही फ्रेम खराब होऊन पोहोचतात आणि टाकून दिल्या जातात. स्विचच्या तोंडावरचे दोन्ही दिवे हिरवे. मोळीची स्थिती विचारली तर उत्तर येते की ती उभी आहे व तिची रुंदी दोन गिगाबिट आहे. आणि कचेरीत मात्र तक्रार अशी की अर्ध्या लोकांचे काम ठीक चालते, अर्ध्यांचे चालत नाही. कोणत्या अर्ध्यांचे? ज्यांच्या पत्त्यांचे उत्तर त्या सैल तारेकडे बोट दाखविते, त्यांचे. तंत्रज्ञ येतो, आपल्या संगणकावरून ‘पिंग’ करतो, म्हणजे साठ्याला हाक मारून प्रतिसाद येतो का पाहतो. प्रतिसाद येतो. ‘जाळे ठीक आहे’ असा शेरा मारून तो जातो.

या ‘पिंग’विषयी स्पष्टच लिहिले पाहिजे, कारण त्यावर ठेवलेला विश्वास फार महाग पडतो. त्याच्या हाकेला पोर्ट-क्रमांक नसतो. ज्या उपकरणात पोर्ट-क्रमांक हिशेबात घेतले जातात, तेथे हाक एका तारेवरून जाते आणि डिस्कचा संवाद दुसऱ्या तारेवरून जाऊ शकतो. शिवाय ही हाक मुळात अगदी लहान असते, आणि डिस्कचे काम मोठ्या फ्रेमांनी चालते. इथरनेटची नेहमीची फ्रेम १५०० बाइटांचा मजकूर वाहते. डिस्कच्या सोयीसाठी पुष्कळ ठिकाणी ती ९००० पर्यंत वाढवितात व तिला जम्बो फ्रेम म्हणतात. सर्व्हर, साठा आणि मधले प्रत्येक स्विच यांनी ही मोठी फ्रेम मान्य केली असेल तर ठीक. एकाही स्विचवर ती मान्य करावयाची राहिली, तर तो मोठी फ्रेम निमूटपणे टाकून देतो आणि पाठविणाऱ्यास तसे कळवीतही नाही. मग विलक्षण लक्षणे दिसतात. सर्व्हर साठ्याशी ओळख पटवितो, डिस्कांची यादीही मिळते, कारण ती बोलणी लहान फ्रेमांत मावतात. प्रत्यक्ष वाचन सुरू केले की सारे गोठते. मोळीची दोन टोके दोन वेगळ्या स्विचांत रोवलेली असतील आणि चूक त्यांपैकी एकावरच असेल, तर हा रोग निम्म्या संवादांनाच होतो.

याची परीक्षा सोपी आहे. तुकडे करण्यास मनाई करून ८९७२ बाइटांची हाक मारावी. हाच आकडा का? ९००० तून पत्त्याच्या वेष्टनाचे २० आणि हाकेच्या वेष्टनाचे ८ वजा केले की ८९७२ उरतात. ही हाक पोहोचली आणि परत आली, तर ती ज्या तारांवरून गेली-आली त्या तारांपुरती जम्बो फ्रेमची शंका फिटली. शेवटची अट महत्त्वाची आहे. उरलेल्या तारांविषयी ही हाक काहीच सांगत नाही.

म्हणून शोधाचा क्रम उलटा हवा. मोळीला एकत्र प्रश्न विचारू नयेत. काठी काठी वेगळी करून पाहावी. प्रत्येक स्विच आपल्या प्रत्येक मुखाची मोजदाद ठेवतो: किती फ्रेम आल्या, किती गेल्या, किती खराब निघाल्या, किती टाकल्या. हे आकडे एकदा लिहून घ्यावेत, दहा मिनिटांनी पुन्हा लिहावेत आणि वजाबाकी करावी. एका तारेवर गर्दी व दुसरीवर शांतता दिसली, तर दोष पत्त्यांच्या हिशेबाचा. खराब फ्रेमचा आकडा एकाच मुखावर चढत असेल, तर दोष केबलचा, तिच्या टोकाचा किंवा त्या मुखाचा. टाकलेल्या फ्रेम वाढत असतील तर कोठेतरी आवकजावक जुळत नाही, किंवा फ्रेमचा आकार मान्य नाही. त्यानंतरच, काम थांबविण्याची वेळ ठरवून आणि साठ्यातील माहितीची प्रत काढून ठेवून, मोळीतील एक सोडून बाकीच्या तारा स्विचवरून बंद कराव्यात व काम चालवून पाहावे. मग ती बंद करून दुसरी उघडावी. जी एकटी असताना काम कोलमडते, ती दोषी. या साऱ्यास महागडे उपकरण लागत नाही. कागद, पेन्सिल आणि तास-दीड तासाची सवड लागते. बऱ्याच ठिकाणी मात्र याऐवजी स्विच बंद करून पुन्हा सुरू करतात. त्याने मोजदादीचे सर्व आकडे पुसले जातात. म्हणजे पंचनाम्यापूर्वीच जागा धुऊन काढण्यासारखे होते.

तारांची मोळी बांधली कशी, हेही तपासावे. ती दोन प्रकारे बांधता येते. दोन्ही टोकांना ‘या तारा एक माना’ असे नुसते बजावून, किंवा एलएसीपी नावाच्या पद्धतीने दोन्ही टोकांनी एकमेकांशी सतत बोलत राहून. पहिल्या प्रकारात एका टोकाला सांगितले आणि दुसऱ्याला सांगायचे राहिले, तर स्विचला तोच पत्ता घटकेत या मुखावर, घटकेत त्या मुखावर दिसू लागतो आणि त्याच्या नोंदवहीत तशी तक्रार सापडते. दुसरा प्रकार निःसंशय सरस आहे. पण त्याची गतीही पाहून घ्यावी. मंद रीतीत टोके दर ३० सेकंदांनी एकमेकांस निरोप देतात आणि तीन निरोप चुकल्यावर, म्हणजे सुमारे ९० सेकंदांनी, तार मोळीतून काढली जाते. तार सरळ तुटली तर दिवा विझतो आणि स्विचला लगेच कळते. परंतु दिवा पेटलेला राहून वाहतूक तेवढी थांबली, तर हे ९० सेकंद पुरते मोजावे लागतात. डिस्कच्या आज्ञेची मुदत ३० सेकंदांची, हे वर आलेच आहे. जलद रीतीत निरोप दर सेकंदाला जातो व तीन सेकंदांत निकाल लागतो. डिस्कच्या वाटेवर मंद रीत ठेवण्याचे समर्थन करता येईल असे वाटत नाही.

येथेच त्या येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडाचेही कोडे उलगडते. वाट अडली की आयस्कझीचा जुना संवाद तुटतो आणि नवा जोडला जातो. नव्या संवादाचा पोर्ट-क्रमांक नवा असतो, हिशेबाचे उत्तर बदलू शकते आणि संवाद चांगल्या तारेवर जाऊन पडतो. सर्वांना वाटते की दोष आपोआप बरा झाला. पुढच्या खेपेस नाणे उलट पडते.

फायबर चॅनेलची वाहतूक इथरनेटवरून नेण्याची जी दुसरी पद्धत आहे, तिची प्रकृती याहून नाजूक. तिच्याखाली टीसीपीचे अंथरूण नसते, म्हणून फ्रेम हरवणे तिला मुळीच खपत नाही. तिच्यासाठी वाहतुकीच्या एकेका वर्गास थांबविण्याची खास सोय इथरनेटमध्ये करावी लागली. तिच्या फ्रेममध्ये २११२ बाइटांपर्यंत मजकूर असतो, तेव्हा १५०० ची मर्यादा तिला पुरत नाही. आणि मोळीत तिची विशेष अडचण अशी, की सर्व्हर ज्या मुखावरून ओळख पटवितो त्याच मुखावर उत्तर यावे अशी तिची अपेक्षा असते; सामान्य हिशेब ते दुसऱ्या तारेवर धाडू शकतो. यासाठी खास बांधणी न करता नेहमीची मोळी वापरली, तर ओळखच पटत नाही.

या सर्वांतून निघणारे मत असे, की डिस्कसाठी मोळी ही पहिली निवड असू नये. डिस्कच्या जगात याच गरजेसाठी वेगळा उपाय पूर्वीपासून आहे. दोन तारा बांधावयाच्या नाहीत. त्या दोन स्वतंत्र वाटा म्हणून ठेवावयाच्या, प्रत्येकीला निराळा पत्ता, शक्य तर निराळा स्विच. सर्व्हर दोन्हींवरून वेगवेगळे संवाद जोडतो, आणि कोणती आज्ञा कोणत्या वाटेने धाडावी हे डिस्कचा व्यवहार जाणणारा थर ठरवितो. यास ‘मल्टिपाथ’ म्हणतात. येथे एकाच सर्व्हरचे काम दोन्ही तारांवर खरोखर वाटले जाते, कारण वाटणी फ्रेमची नसून पूर्ण आज्ञांची असते; आणि एक वाट आजारी पडली, तर ती कोणती हे नावानिशी कळते.

मोळीचा पक्ष घेणाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नाही. तिची मांडणी एकदाच करावी लागते, सर्व्हरांची संख्या मोठी असली की वाटणीही बरी होते, आणि संपूर्ण फाइल मागण्या-देण्याच्या जुन्या पद्धतींना अनेक वाटांचे ज्ञानच नसल्यामुळे तेथे मोळीवाचून गत्यंतर नसते. दोन स्विचांना आपसांत जोडणाऱ्या वाटेवर तर मोळीच हवी. आक्षेप आहे तो एवढाच, की ती सर्वत्र सारखीच गुणकारी मानून डिस्कच्या वाटेवरही न विचारता बांधली जाते.

एखाद्या मध्यम ग्रंथालयाने किंवा महाविद्यालयाने आपला पहिला साठा उभारताना दोन केबल, दोन स्वतंत्र पत्तेश्रेणी आणि मल्टिपाथ यांपासून आरंभ करावा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांस एकच क्रमांक चिकटवावा आणि तो एका वहीत उतरवावा. ज्या दिवशी उभारणी पुरी होईल त्याच दिवशी, साठ्यात काही मोलाचे ठेवण्यापूर्वी, एक मोठी फाइल लिहिण्यास लावून पहिली केबल उपटावी. काम किती सेकंद थबकले ते घड्याळावर पाहून वहीत लिहावे, केबल परत लावावी, आणि मग दुसरी उपटावी.